घरांतील वेदी

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे शाळेच्या प्रार्थनामंदिरांत एकाएकीं गंभीर शांतता पसरते, हा अनुभव मिशनच्या शाळांतून शिकलेल्या प्रत्येकास आहे. एरव्हीं प्रार्थनेच्या वेळीं बांकाखालीं पाय हालविणारा किंवा शेजाऱ्याच्या कानाशीं कुजबुजणारा विद्यार्थी त्या आठवड्यांत डोळे घट्ट मिटून उभा राहतो. आणि निकाल लागला कीं, तो मनाजोगा असो वा नसो, सर्व कांहीं पूर्ववत् होतें. ह्यांत हंसण्यासारखें पुष्कळ आहे. तरी आम्ही हंसत नाहीं. कारण आम्ही वडील माणसेंहि तेंच करीत असतों. आमच्या परीक्षा तेवढ्या निराळ्या असतात. घरांतील आजारपण, नोकरीची काळजी, मुलीचें लग्न, न्यायालयांतील दावा, असें एखादें संकट आलें कीं आम्हांला देव आठवतो. संकट टळलें कीं त्याला आम्ही येत्या रविवारपर्यंत रजा देतों.

मंडळीच्या आजच्या स्थितीविषयीं कोणी विचारलें तर बहुतेक जण उपासनामंदिरांतील बांकें मोजूं लागतात. नाताळच्या व पुनरुत्थानाच्या दिवशीं पाय ठेवावयास जागा नसते, म्हणून कोणी समाधान मानितात. पावसाळ्यांतील एखाद्या रविवारीं मागील बांकें रिकामीं दिसतात, म्हणून कोणी निराश होतात. आमच्या मतें ही मोजणीच चुकीच्या ठिकाणीं चालली आहे. मंडळीचें बळ रविवारच्या बांकांवरून नव्हे, तर सोमवारच्या संध्याकाळीं घराघरांतून काय चालतें ह्यावरून ओळखावें. तेथें पाहिलें तर देऊळ भरलेलें आणि घर रिकामें, असा प्रकार पुष्कळदां आढळतो. कुटुंबप्रार्थना, जिला जुनीं माणसें घरांतील वेदी म्हणत, ती आमच्या डोळ्यांदेखत विझत चालली आहे. ती पुन्हां पेटली पाहिजे, आणि ती पाळकांनीं येऊन नव्हे, तर ज्याची त्यानें पेटविली पाहिजे, एवढेंच ह्या लेखाचें म्हणणें आहे.

प्रार्थना म्हणजे मागणें, अशी समजूत लहानपणापासून आपल्या मनांत बसलेली असते. मागण्यांत गैर कांहीं नाहीं; मूल बापापाशीं मागणारच. पण जें मूल केवळ पैसे मागावयास बापाकडे जातें, आणि एरव्हीं क्षणभरहि त्याच्यापाशीं बसत नाहीं, त्याची बापाशीं ओळख ती कितीशी असणार? लूककृत शुभवर्तमानांत एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. शिष्यांनीं प्रभूजवळ येऊन 'आम्हांस शिकवा' अशी जी विनंति केली, ती चमत्कार करण्याची किंवा उपदेश करण्याची नव्हे, तर प्रार्थना करण्याची. भल्या पहांटे उठून एकांतीं जाणारा त्यांचा गुरु परत येई, तेव्हां तो तेथून कांहीं तरी घेऊन येतो, हें त्यांनीं पाहिलें होतें. आणि तेंच त्यांना हवें होतें. त्यांना जी प्रार्थना मिळाली तींत 'मी' आणि 'माझें' हे शब्दच नाहींत. बाप आमचा, भाकर आमची, अपराधहि आमचे. दार लावून एकटा बसलेला मनुष्य जरी ही प्रार्थना म्हणूं लागला, तरी तो सर्वांच्या वतीनें बोलूं लागतो. प्रार्थना खासगी असावी, पण एकलकोंडी नसावी, हा तिचा धडा होय.

प्रार्थना घराच्या भाषेंत व्हावी म्हणून आपल्या ह्या मराठी मुलखांत किती कष्ट झाले आहेत, हें विद्यार्थ्यांनीं जाणून घ्यावें. इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. ज्या लोकांच्या कानांत पिढ्यान्‌पिढ्या ओवी घोळत होती, त्यांना ख्रिस्ताची कथा ओवींतच दिली पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें. आणि १६१६ सालीं त्यांचें 'ख्रिस्तपुराण' रायतूर येथें छापून निघालें. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेवर निर्बंध घातला, तरी ह्या ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती लोकांनीं जपून ठेविल्या. नारायण वामन टिळक १८९५ सालीं मंडळींत आले. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशीं पोंचलों, असें ते सांगत. परक्या चालींवर बसविलेल्या गीतांच्या शेजारीं त्यांनीं मराठी भजनें व अभंग आणून ठेविले, आणि अपुरें राहिलेलें त्यांचें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. केडगांवच्या मुक्तिसदनांत पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास करून, अल्पशिक्षित स्त्रियांनाहि समजेल अशा सोप्या मराठींत बायबलाचें भाषांतर केलें. १९२२ सालीं त्यांचा अंत झाला, त्यापूर्वीं तें काम त्यांनीं तडीस नेलें होतें. कॅथलिक बंधूंकडे मिस्साविधि शतकानुशतकें लॅटिनमध्यें चाले. तो लोकांच्या भाषांत करण्याची वाट १९६२ ते १९६५ ह्या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें मोकळी केली. ह्या सर्वांचा हेतु एकच होता. देवाशीं बोलतांना मनुष्याला परकें वाटूं नये. ज्या भाषेंत आई अंगाई गाते आणि बाप बाजाराचा हिशेब सांगतो, त्याच भाषेंत त्याला आपलें मन उघडें करितां यावें.

आणि ती भाषा खरोखरच घरांत शिरली होती. पूर्वींच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील ख्रिस्ती कुटुंबांत रात्रीं भाकरी खाऊन झाली कीं कंदिलाभोंवतीं सर्व मंडळी बसत. एखादें मूल अडखळत अध्याय वाची, आजोबा एखादें भजन सुरू करीत, आणि प्रार्थना संपेपर्यंत निम्मीं मुलें मांडीवर झोंपीं जात. वसईकडील कॅथलिक घरांतून त्याच वेळीं जपमाळेची प्रार्थना चाले. शेजारच्या हिंदु घरांत दिवेलागणीला 'शुभं करोति' आणि त्यामागून पाढ्यांची परवचा ऐकूं येई. शब्द निराळे होते. पण दिवस मावळतांना सर्व घरानें एके ठिकाणीं बसावें, आणि आपल्याहून मोठें कोणी आहे ह्याची आठवण करावी, ही रीति एकच होती. आज हे तिन्हीं आवाज एकदमच मंद झाले आहेत. तेव्हां हा प्रश्न केवळ ख्रिस्ती घरांचा आहे असें कोणी समजूं नये.

आमच्या स्वतःच्या घरीं ही वेदी केव्हां विझली, हें आम्हांला सांगतां येणार नाहीं. ती विझली आहे, हें मात्र आम्हांला एका दिवशीं समजलें. २०२० सालीं महामारीमुळें २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, आणि त्या वर्षीं पुनरुत्थानाचा सण १२ एप्रिल रोजीं आला. उपासनामंदिराला कुलूप होतें. आम्ही सर्व जण स्वच्छ कपडे घालून बैठकीच्या खोलींत, पुस्तकांच्या आधारानें उभ्या केलेल्या मोबाइलसमोर उपासनेस बसलों. दुसरें गीत चाललें असतांना चित्र थांबलें व आवाज तुटला. पांच मिनिटें आम्ही तो मोबाइल उचलून खिडकीपाशीं नेला, परत आणला, बंद केला, पुन्हां सुरू केला. मग सर्व जण एकमेकांकडे पाहूं लागले. घरांत शिकलेलीं सहा माणसें होतीं. शब्बाथशाळेंत शिकविलेलीं त्यांत दोन होतीं. पण "चला, आपणच पुढें चालवूं," असें म्हणावयास एकाचीहि जीभ उचलेना. जणूं देवाशीं बोलण्याचें कामहि आम्ही पगार देऊन दुसऱ्याकडे सोंपविलें होतें.

अखेर बोलली ती आमची आजी. तिची दृष्टि जवळजवळ गेली होती, आणि शाळा तिनें चौथीपर्यंतच पाहिली होती. तिनें एक स्तोत्र आरंभापासून शेवटपर्यंत तोंडपाठ म्हटलें, मग एक भजन गाइलें, आणि मग अगदीं साध्या शब्दांत त्या दिवशीं ज्यांना जेवावयास मिळालें नसेल अशा वाटेनें चालणाऱ्या मजुरांसाठीं प्रार्थना केली. तिच्या वडिलांच्या घरीं कंदिलाभोंवतीं जें तिनें ऐकलें होतें, तें सत्तर वर्षांनंतर, डोळे आणि पुस्तक दोन्हीं नसतांना, तिच्यापाशीं शिल्लक होतें. आमच्या मनांत तेव्हां एकच विचार आला, आणि तो सुखाचा नव्हता: आम्ही तिच्या वयाचे होऊं, तेव्हां आमच्यापाशीं काय शिल्लक असेल?

त्या संध्याकाळपासून आमच्या घरीं पुन्हां प्रार्थना सुरू झाली. आरंभीं फार अवघड गेलें. आपल्याच माणसांसमोर मोठ्यानें प्रार्थना करण्याची लाज वाटे. लहान मुलें एकमेकांकडे पाहून हंसत. आणि कोणाचा तरी फोन हटकून त्याच वेळीं वाजे. पण त्याच वर्षींच्या पावसाळ्यांत एक प्रसंग घडला. आमचे वडील व काका ह्यांच्यामध्यें गांवच्या घराच्या वांटणीवरून अनेक वर्षें बोलणें नव्हतें. एका रात्रीं प्रभूची प्रार्थना म्हणत असतां, आम्हीं इतरांच्या अपराधांची क्षमा केली आहे, असें जेथें म्हणावयाचें त्या ठिकाणीं वडिलांचा आवाज थांबला. बाकीचे पुढें गेले. ते गेले नाहींत. कोणी कांहीं विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं काकांना फोन लावला. वाद त्या दिवशीं मिटला असें नाहीं. अजूनहि तो पुरता मिटलेला नाहीं. परंतु बोलणें सुरू झालें, आणि आजीच्या अखेरच्या आजारांत दोघे भाऊ तिच्या उशाशीं एकत्र बसले. तीच प्रार्थना वडिलांनीं देवळांत शेंकडों वेळां म्हटली होती. तेथें शंभर आवाजांत आपला आवाज मिसळून पुढें जातां येतें. घरांत सहा आवाजांतला एक थांबला कीं तो सर्वांना ऐकूं येतो.

ह्यावर आक्षेप घेणारे आहेत, आणि त्यांचें म्हणणें आम्ही तुच्छ लेखीत नाहीं. कोणी म्हणतात, वेळ कोठें आहे? वडिलांची पाळी रात्रीची, आईची नोकरी, मुलांचे शिकवणीचे वर्ग. हें खरें आहे. पण ज्या घरांत दहा मिनिटें मिळत नाहींत, त्याच घरांत प्रत्येकाच्या हातांतील मोबाइलला तास दीड तास मिळतो, हेंहि खरें आहे. सतराव्या शतकांत पॅरिस येथील एका मठांत ब्रदर लॉरेन्स नांवाचे साधु स्वयंपाकघरांत काम करीत; भांडींकुंडीं हाताळतांनाहि आपण देवाच्या सान्निध्यांत आहों, असा अभ्यास त्यांनीं केला होता. ज्या मातेला बसण्यासहि सवड नाहीं तिला त्यांचें उदाहरण धीर देईल. दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. रोज प्रार्थना करणाऱ्या घरांतून खोटें बोलणारीं, लांच घेणारीं, सुनेला छळणारीं माणसें निघत नाहींत काय? निघतात. परूशी व जकातदार ह्यांचा दृष्टान्त प्रभूनें सांगितला तो अशांसाठींच. देवळांत येऊन आपली पुण्याई मोजून दाखविणारा तेव्हांहि होता. पण कांहीं जण औषध घेऊन बरे होत नाहींत, म्हणून औषधालाच कोणी दोष देत नाहीं. तें नुसतें जिभेवर ठेविलें गेलें कीं पोटांत गेलें, हें पाहिलें पाहिजे. तिसरे म्हणतात, मुलांवर सक्ति नको. आम्हीहि तेंच म्हणतों. बळेंच गुडघे टेकावयास लाविलेलें मूल मोठेपणीं गुडघे टेकीत नाहीं. परंतु सक्ति न करणें म्हणजे संधीहि न देणें नव्हे.

येथें पालकांस दोन शब्द स्पष्टपणें सांगणें प्राप्त आहे. प्रार्थनेला कृपा करून छडी बनवूं नका. "हे प्रभो, ह्या मुलाला अभ्यास करण्याची बुद्धि दे, त्याची आळशी वृत्ति दूर कर," अशी प्रार्थना मुलाच्या देखत करणारा बाप देवाशीं बोलत नसून मुलाशींच बोलत असतो. आणि मुलाला तें बरोबर कळतें. त्यापेक्षां बापानें एकदां तरी, "आज मी रागाच्या भरांत अन्यायानें बोललों, मला क्षमा कर," असें मुलाच्या कानांवर पडूं द्यावें. शंभर उपदेशांनीं होणार नाहीं तें त्या एका वाक्यानें होईल. बाकी व्यवस्था साधी असावी. वेळ ठरलेली, दहा मिनिटांहून अधिक नाहीं, मोबाइल दुसऱ्या खोलींत. वाचन घरांतील सर्वांत लहान मुलाकडे. एक गीत, मग तें बेसुर असलें तरी चालेल. घराबाहेरील एका माणसाची नांवानें आठवण. आणि शेवटीं क्षणभर स्तब्धता. कारण आपण सारखे बोलत राहिलों तर देवाला बोलावयास जागा कोठें उरणार?

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांलाहि थोडें सांगूं. परीक्षेपूर्वीं प्रार्थना अवश्य करा. पण जें वाचलें नाहीं तें आयत्या वेळीं आठवावें, अशी मागणी करूं नका. भीति जावी, मन स्थिर रहावें, आणि शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेकडे डोळा जाऊं नये, हें मागा. निकालाच्या दिवशींहि त्याच ठिकाणीं या. आणि तुमच्या घरीं प्रार्थना होत नसेल तर वडीलधाऱ्या माणसांची वाट पाहूं नका. आई-बाबांना प्रथम हांक मारण्याचा संकोच पुष्कळदां मुलांपेक्षां मोठ्यांनाच अधिक असतो. तुम्हीं हांक मारली तर ते मनांतून संतुष्टच होतील. आजी-आजोबा हयात असतील तर त्यांना काय काय पाठ येतें तें विचारा, आणि तें लिहून घ्या. तो ठेवा कोणत्याहि पेढींत ठेवितां येत नाहीं.

आमच्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थी निरनिराळ्या धर्मांचे आहेत. त्यांनीं आपलें घर सोडून आमच्या घरीं यावें, असा ह्या लेखाचा हेतु नाहीं. आपापल्या घरांतील दिवेलागणी त्यांनीं राखावी. महात्मा गांधींच्या आश्रमांत सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होत असे व तींत सर्व धर्मांना स्थान असे. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत त्यांची हत्या झाली तीहि सायंप्रार्थनेस जात असतांना. ज्याला देशाचा एवढा कारभार होता त्याला प्रार्थनेसाठीं वेळ मिळाला, ही गोष्ट कोणत्याहि धर्माच्या विद्यार्थ्यानें विचारांत घ्यावी.

शेवटीं मंडळीविषयीं. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा निरनिराळ्या मंडळ्या आपले जुने भेद बाजूस ठेवून एक झाल्या, आणि उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. तिच्या मागें अनेक वर्षांची चर्चा होती, तशीच अनेक वर्षांची प्रार्थनाहि होती. आज मात्र ठिकठिकाणच्या मंडळ्यांत जमिनी, इमारती, विश्वस्तनिधि आणि निवडणुका ह्यांचे वाद न्यायालयापर्यंत जातात. एकाच प्रभुभोजनाला येणारे दोन बंधु दोन वकिलांमार्फत बोलतात. जातीची आठवणहि बाप्तिस्म्याच्या पाण्यांत सर्वत्र बुडाली आहे, असें प्रामाणिकपणें म्हणवत नाहीं. हे रोग सभेंतील ठरावांनीं बरे होतील असें आम्हांला वाटत नाहीं. ज्या घरांत रोज रात्रीं क्षमेचे शब्द म्हणतांना कोणाचा तरी आवाज अडखळतो, त्या घरांतील माणूस दुसऱ्या दिवशीं भांडणाच्या बैठकीस जातांना थोडा तरी निराळा होऊन जातो. अशीं घरें वाढलीं म्हणजे मंडळी सुधारेल. तिला सुधारण्याचा दुसरा जवळचा रस्ता आम्हांस दिसत नाहीं.

आमची आजी आतां नाहीं. तिच्या जागीं बसून स्तोत्र म्हणण्याची पाळी आमच्या घरांतील एका नऊ वर्षांच्या मुलीवर आली आहे. मधला एक चरण ती अजून चुकते, आणि कोणी सुधारूं गेलें तर रागावते. आम्ही तिला सुधारीत नाहीं. ती रोज म्हणते, हेंच आम्हांस पुरें आहे. वाचकहो, आज संध्याकाळीं आपल्या घरीं कोण म्हणणार?